आधी वजन, मग हिच!

अमेरिकेतील मराठी कुटुंबांना कळकळीचे आवाहन

मेमोरियल डे, म्हणजे मे महिन्याचा शेवटचा सोमवार, जवळ आला की ट्रॅव्हल ट्रेलर रस्त्यावर येऊ लागतात. यलोस्टोन, ग्रँड कॅन्यनच्या वाटेवर आपलीही मराठी कुटुंबे असतात आणि काहींचा तो पहिलाच ट्रेलर असतो. अशा सगळ्यांना हात जोडून विनंती आहे: भरलेल्या ट्रेलरचा भार मोजल्याशिवाय वेट डिस्ट्रिब्यूशन हिच विकत घेऊ नका आणि तो नीट बसवल्याशिवाय हायवेवर जाऊ नका.

भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर यायला हवा. यालाच टंग वेट म्हणतात. ६,००० पौंडांच्या ट्रेलरला तो ६०० ते ९०० पौंड होतो. एवढा भार मागच्या चाकांच्याही मागे पडला की गाडीची मागची बाजू बसते आणि पुढची चाके हलकी होतात. ज्या चाकांनी गाडी वळवायची, त्यांचीच पकड सुटू लागते. वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे स्प्रिंग बार त्यातला काही भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर वाटून देतात. टंग वेट फार कमी असेल, तर शेजारून मोठा ट्रक जाताच ट्रेलर हेलकावे खाऊ लागतो आणि गाडीलाही खेचतो.

म्हणून निघण्याआधी एवढे कराच:

१. माहितीपत्रकातला टंग वेटचा आकडा बहुधा रिकाम्या ट्रेलरचा असतो. ४० गॅलन पाणीच ३३० पौंडांहून जास्त भरते. ट्रेलर प्रवासासाठी भरा, सपाट जागी टंग स्केलने मोजा आणि त्या आकड्याला जुळणारे बार घ्या. कमी ताकदीचे बार भार वाटत नाहीत. फार ताठ बार ट्रेलरच्या सांगाड्यावर ताण आणतात.

२. चालकाच्या दाराजवळचे स्टिकर वाचा. माणसे, सामान, हिच आणि टंग वेट हे सगळे त्यावरच्या पेलोडमध्ये बसले पाहिजे. हिचमुळे ही मर्यादा वाढत नाही.

३. रिसीव्हरवर (गाडीमागे हिच बसवायच्या खोबणीवर) लिहिलेली क्षमता आणि गाडीचे मॅन्युअल तपासा. काही गाड्यांना असा हिच चालत नाही.

४. पुढच्या चाकावरच्या कमानीची उंची तीनदा मोजा: ट्रेलर जोडण्याआधी, जोडल्यावर आणि बार लावल्यावर. उचललेली बाजू किती खाली यावी, हे मॅन्युअल सांगते. मग ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर प्रत्येक आसाचे वजन पडताळा.

५. ट्रेलरचे ब्रेक, साखळ्या आणि ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक लावणारी) पाहा. टायरवरची वेगमर्यादा पाळा.

तरीही हेलकावे सुरू झालेच, तर गाडीचा ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढा आणि गाडीतल्या ब्रेक कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचा ब्रेक लावा. हे घरातल्या प्रत्येक चालकाला आजच शिकवा.

‘डीलरने लावून दिलाय’ एवढ्यावर विसंबू नका. त्याने लावला तेव्हा तुमचे सामान आणि तुमची मुले गाडीत नव्हती. आकडे जुळत नसतील, तर ट्रेलर घरी ठेवा आणि तंबू घेऊन जा. सहल पुढेही करता येईल. हा लेख ट्रेलर असलेल्या प्रत्येक ओळखीच्या कुटुंबाला वाचून दाखवा आणि येत्या शनिवारीच वजन करा.