विश्लेषण : शार्कच्या अंगात रुतणाऱ्या बार्नॅकलचे नातेवाईक खडकावर कसे सापडले?

होडीच्या तळाला किंवा किनाऱ्यावरच्या खडकाला घट्ट चिकटलेले खरखरीत, पांढरट शंकू अनेकांनी पाहिले असतील. हेच बार्नॅकल. कवचामुळे शिंपल्यांच्या कुळातले वाटले, तरी ते खेकडा-कोळंबीचे नातेवाईक आहेत. १८३० मध्ये जॉन व्हॉन थॉम्प्सन यांनी त्यांच्या पोहणाऱ्या अळ्यांवरून हे दाखवून दिले. म्हणजे दिसण्यावरून फसगत होण्याची या प्राण्यात जुनीच परंपरा आहे.

शार्कवरचा पाहुणा कोण?

उत्तर अटलांटिकच्या खोल पाण्यातील लहान, काळ्या लँटर्न शार्कच्या अंगात एक बार्नॅकल रुतलेला आढळतो. बार्नॅकलवर आठ वर्षे घालवणाऱ्या चार्ल्स डार्विन यांनी १८५१ च्या ग्रंथात त्याला ‘अ‍ॅनेलाझ्मा’ हे नाव दिले. त्याला कवच नाही. इतर बार्नॅकल पिसांसारखे पाय हलवून पाण्यातले अन्नकण गाळतात. याला पाय आहेत, पण ते निकामी. त्याचा देठ शार्कच्या मांसात घुसतो आणि मुळांसारख्या तंतूंनी पोषण शोषतो. बाधित शार्कच्या जननेंद्रियांची वाढही खुंटते.

हा परजीवी आला कुठून? डार्विन यांच्याकडे सूक्ष्मदर्शक आणि चिरफाड एवढीच साधने होती. शरीरच इतके बदललेले, तर तुलना कशाशी करणार?

जनुकांनी काय सांगितले?

सर्व बार्नॅकलमध्ये असलेल्या एकाच जनुकातील अक्षरांचा क्रम शेजारी-शेजारी ठेवून तुलना केली जाते. फरक कमी तर नाते जवळचे, हा ढोबळ नियम. मात्र काही वंशांत जनुके झपाट्याने बदलतात आणि दूरचे प्राणी जवळचे भासतात. म्हणून अनेक जनुके घेऊन संगणक असंख्य संभाव्य वंशवृक्ष पडताळतो.

नॉर्वेतील बर्गेन विद्यापीठातील संशोधकांसह एका गटाने २०१४ मध्ये ‘करंट बायोलॉजी’त याचे निष्कर्ष मांडले. देवमासे आणि कासवांच्या अंगावर राहणारे बार्नॅकल याचे जवळचे भाऊबंद असतील, अशी शंका येणे साहजिक होते. ती खोटी ठरली. सर्वात जवळचा नातेवाईक निघाला कॅपिट्युलम मिटेला. आशियातील किनाऱ्यांवर खडकाच्या भेगांत राहणारा, पाणी गाळून जगणारा आणि जपानमध्ये आवडीने खाल्ला जाणारा!

कॅपिट्युलम हा अ‍ॅनेलाझ्माचा पूर्वज नव्हे. दोघांचा पूर्वज एक, एवढेच यातून कळते. खडकावरून शार्कपर्यंतच्या मधल्या पायऱ्यांचे प्राणी मिळालेले नाहीत. तरी अ‍ॅनेलाझ्मा मोलाचा आहे. खेकड्यांच्या शरीरात मुळे पसरणाऱ्या सॅक्युलिना या दुसऱ्या परजीवी बार्नॅकलच्या प्रौढावस्थेत पाय, कवच, आतडे काहीच उरलेले नाही. अ‍ॅनेलाझ्माचे निकामी पाय मात्र अजून जागेवर आहेत.