पालघरचा रुग्ण चार दवाखाने फिरतो, तेव्हा माहिती कुठे हरवते?

नोव्हेंबर २०२४. डहाणू तालुक्यातल्या सारणी गावातल्या २६ वर्षांच्या गर्भवतीला कळा सुरू झाल्या. घरच्यांनी तिला कासा इथल्या सरकारी रुग्णालयात नेलं. प्रकृती गंभीर असल्यानं तिला सिल्वासाला हलवायचं ठरलं. १०८ ची सुसज्ज रुग्णवाहिका वेळेत मिळाली नाही. शेवटी जी गाडी मिळाली तिच्यात ऑक्सिजन नव्हता. सिल्वासाला पोहोचण्याआधीच तिचा मृत्यू झाला. बाळही वाचलं नाही.

बातम्यांचा मथळा होता 'ऑक्सिजनअभावी मृत्यू'. तो चुकीचा नव्हता. पण या घटनेचे टप्पे मोजले तर आणखी एक गोष्ट दिसते. घर, रुग्णालय, गाडी आणि राज्याबाहेरचं मोठं रुग्णालय, अशी ही साखळी आहे. प्रत्येक सांध्यावर एका माणसानं दुसऱ्याला काहीतरी सांगायचं असतं. काय झालंय, काय दिलंय, पुढे काय लागणार आहे, गाडीत काय असायला हवं. वैद्यकीय जगात याला 'हँडओव्हर' म्हणतात. रुग्णांच्या सुरक्षेचा अभ्यास करणारे या सांध्यांना सर्वात नाजूक जागा मानतात.

या सांध्यांवर सर्वात पद्धतशीर काम झालं ते अमेरिकेच्या लष्करी आरोग्यसेवेत. पालघर, बोईसर, तारापूरच्या माणसाला त्याचं काय, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर वाटतं त्यापेक्षा जवळचं आहे.

लष्कराला हे का सुचलं?

१९९९ मध्ये अमेरिकेच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन' या संस्थेचा एक अहवाल आला. अमेरिकी रुग्णालयांत दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार माणसं टाळता येण्यासारख्या चुकांमुळे मरतात, असा अंदाज त्यात होता. आकड्यावर पुढे बरेच वाद झाले. पण अहवालाचा मुद्दा टिकला. बहुतेक चुका वाईट डॉक्टरमुळे होत नाहीत, चांगली माणसं वाईट रचनेत काम करतात म्हणून होतात.

विमान वाहतुकीनं हा धडा आधीच गिरवला होता. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धावपट्टीवर दोन जम्बो विमानं धडकली आणि ५८३ जण मेले. धावपट्टी मोकळी आहे का, अशी शंका कॉकपिटमधल्या कनिष्ठाला आली होती. त्यानं ती बोलूनही दाखवली. ज्येष्ठ कॅप्टननं ती झटकून टाकली. त्यानंतर वैमानिकांना विमान चालवण्याइतकंच 'एकमेकांशी बोलणं' शिकवलं जाऊ लागलं.

लष्कराकडे वैमानिकही होते आणि रुग्णालयंही. त्यामुळे हा पूल तिथेच बांधला जाणं स्वाभाविक होतं. अमेरिकेचं संरक्षण खातं आणि आरोग्य संशोधनाची सरकारी संस्था यांनी मिळून प्रशिक्षणाचा एक संच तयार केला आणि २००६ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. त्याचं नाव 'टीमस्टेप्स'.

यात नेमकं शिकवतात काय?

ऐकताना हे फार साधं वाटतं.

पाळी सुरू होताना सगळ्यांनी दोन मिनिटं उभ्यानं बोलायचं: आज कोण आहे, कोणता रुग्ण धोक्यात आहे. मोठा प्रसंग घडून गेला की पुन्हा दोन मिनिटं: काय जमलं, काय चुकलं. तोंडी सूचना मिळाली की ती ऐकणाऱ्यानं परत म्हणून दाखवायची आणि सांगणाऱ्यानं 'बरोबर' म्हणायचं. आणि एखादी गोष्ट धोक्याची वाटली, तर ती किमान दोनदा बोलून दाखवायची. तरीही कोणी ऐकलं नाही तर वरच्या माणसाकडे जायचं. असं बोलणं हा उद्धटपणा नव्हे, ते कामाचाच भाग आहे, हे संस्थेनं आधीच जाहीर केलेलं असतं.

सर्वात उपयोगी पडलेलं साधन म्हणजे 'एसबार'. परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज आणि शिफारस या चार पायऱ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. त्याचं मूळ अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमध्ये आहे. पाणबुडीवर काम केलेल्या डग बोनाकम या माजी अधिकाऱ्यानं ही पद्धत 'कैसर परमनंटे' या रुग्णालयांच्या समूहात आणली आणि तिथून ती जगभर गेली.

कल्पना करू. एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून सिस्टर पुढच्या रुग्णालयात फोन करते, 'डॉक्टर, एक सिरीयस पेशंट पाठवतेय, गर्भवती आहे, झटके आलेत, लवकर बघा.' आता हाच फोन एसबारनं केला तर असा होईल: 'डॉक्टर, आठव्या महिन्यातल्या पेशंटला अर्ध्या तासापूर्वी झटका आला, आता अर्धवट शुद्धीत आहे. पहिली खेप, महिनाभर बीपी वाढलेलं, आता १७० वर ११०. मला एक्लॅम्पशिया वाटतोय. मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दहा ग्रॅम, चार वाजून दहा मिनिटांनी कमरेत दिलाय. तुमच्याकडे भूलतज्ज्ञ आणि रक्त तयार हवंय. भूलतज्ज्ञ नसेल तर आत्ताच सांगा, मी थेट पुढे पाठवते.'

दुसऱ्या फोनला फार तर अर्धा मिनिट जास्त लागतं. त्यातलं शेवटचं वाक्य सर्वात महत्त्वाचं, कारण भूलतज्ज्ञ नसलेल्या रुग्णालयात पोहोचून पुन्हा निघणं म्हणजे तासभराची फेरी. डोसची वेळही तितकीच मोलाची. हे औषध आधी दिलंय हे पुढच्या डॉक्टरला कळलं नाही आणि त्यानं पूर्ण डोस पुन्हा दिला, तर रुग्णाचा श्वास मंदावू शकतो. उलट, दिलंच असेल असं गृहीत धरून ते राहून गेलं तर पुन्हा झटके येऊ शकतात.

पालघरमध्ये हे जास्त गरजेचं का?

कारण इथला रुग्ण जास्त हातांतून जातो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. कासाच्या घटनेवेळी त्याला दहा वर्षं होऊन गेली होती, तरी जिल्हा रुग्णालयाची नवी इमारत उभीच राहत होती. त्यामुळे गंभीर रुग्ण जिल्ह्याबाहेर जातो. मोखाड्याचा नाशिकला, डहाणू-तलासरीचा सिल्वासा किंवा वलसाडला, पालघर-बोईसरचा ठाणे-मुंबईला.

जून २०२५ मध्ये मोखाड्याच्या जोगलवाडीतली एक गर्भवती अशीच फिरली. आधी खोडाळ्याचं आरोग्य केंद्र, मग मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय, मग नाशिक. रुग्णवाहिका तासन्‌तास मिळाली नाही. बाळ पोटातच दगावलं आणि वडिलांनी त्याचा मृतदेह पिशवीत घालून एसटीनं गावी आणला. त्याच वर्षी जुलैअखेरीस झाडाची फांदी पडून जखमी झालेल्या एका महिलेला पालघरहून मुंबईला नेत होते. रुग्णवाहिका राष्ट्रीय महामार्ग ४८ वरच्या कोंडीत अडकली आणि ती वाटेतच गेली.

कोंडीवर एसबारचा इलाज नाही, हे उघड आहे. पण रस्ता चार तास खाणार आहे हे माहीत असेल, तर वाटेतलं कोणतं रुग्णालय मधला थांबा होईल हे निघण्याआधी ठरवणं आणि तिथे फोन करून ठेवणं, हे मात्र संघानं करायचं काम आहे.

बोईसर-तारापूरचा पेच वेगळा

तारापूर औद्योगिक वसाहतीत रासायनिक आणि औषधांचे कारखाने दाटीवाटीनं आहेत. जानेवारी २०२० मध्ये इथल्या एका कारखान्यातल्या स्फोटात आठ जण मेले. ऑगस्ट २०२५ मध्ये एका औषध कारखान्यात वायुगळती होऊन चार कामगार दगावले.

अशा वेळी पहिला सांधा दवाखान्यात नसून कारखान्याच्या फाटकावर असतो. बेशुद्ध कामगाराला आणणाऱ्यानं 'गॅस लागला' एवढंच सांगितलं, तर डॉक्टरनं काय करायचं? काही वायू फक्त प्राणवायूची जागा घेतात, काही फुप्फुस जाळतात, काहींवर वेगळा उतारा लागतो. कपड्यांवरचं रसायन नर्सलाही बाधू शकतं. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्यांची माहिती कामगारांना व स्थानिक यंत्रणेला देणं मालकावर बंधनकारक झालं. प्रत्येक रसायनाची 'सेफ्टी डेटा शीट' असते, तिच्यात प्रथमोपचाराचा वेगळा भाग असतो. तो कागद कामगाराबरोबर त्याच गाडीतून गेला पाहिजे. ऑफिसच्या फायलीत तो कितीही नीट लावलेला असला, तरी त्याचा काही उपयोग नाही.

अमेरिकी सैन्यात हे कार्डावर चालतं. जखमी सैनिकाच्या अंगावरच एक कार्ड अडकवलेलं असतं. काय लागलं, रक्त थांबवायला पट्टा किती वाजता आवळला, कोणतं औषध दिलं, सगळं त्यावर. माणूस कुठेही पोहोचला तरी कार्ड सोबत पोहोचतं.

आणखी एक योगायोग इथे सांगायला हवा. तोंडी सूचना परत म्हणून दाखवण्याची रीत जगभरच्या अणुऊर्जा उद्योगात रोजची आहे, आणि भारताचं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ पासून तारापूरमध्येच आहे. बोईसरच्या कितीतरी घरांत ही शिस्त घरातल्या माणसाला ठाऊक असेल.

मग हे लागू केलं की झालं?

नाही. आकडे दोन्ही बाजूंचे आहेत.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या ७४ रुग्णालयांत शस्त्रक्रिया करणाऱ्या संघांना असं प्रशिक्षण दिलं गेलं, तिथे वार्षिक मृत्यूदर १८ टक्क्यांनी घटला. प्रशिक्षण न झालेल्या ३४ रुग्णालयांत तो ७ टक्क्यांनी घटला. हा अभ्यास २०१० चा. त्याआधी, २००९ मध्ये, मूळचे विदर्भातल्या कुटुंबातले शल्यचिकित्सक अतुल गावंडे यांच्या गटानं आठ शहरांतल्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेची तपासयादी वापरून पाहिली होती. त्यात दिल्लीचंही एक रुग्णालय होतं. मृत्यू १.५ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले.

पण गावंडेंच्याच गटानं पुढे उत्तर प्रदेशात प्रसूतीसाठी अशीच यादी आणली. १२० आरोग्य केंद्रं आणि दीड लाखांहून अधिक माता-बालकं इतका मोठा तो प्रयोग होता. कर्मचाऱ्यांची कामाची पद्धत सुधारली, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. नीट बोलण्यानं नसलेला भूलतज्ज्ञ येत नाही आणि रिकामं सिलिंडर भरत नाही, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

खुद्द अमेरिकी लष्करालाही हे पुरलं नाही. २०१४ मध्ये लष्करी रुग्णालयांतल्या गंभीर चुकांची नीट चौकशीच होत नसल्याचं वृत्तपत्रांनी उघड केलं आणि संरक्षणमंत्री चक हेगल यांना संपूर्ण व्यवस्थेचा आढावा घ्यावा लागला. प्रशिक्षणाचा संच खुला करून तेव्हा आठ वर्षं झाली होती.

म्हणून पालघरमध्ये कोणी 'संघभावना कार्यशाळा' घेऊन प्रमाणपत्रं वाटली, तर फार हुरळून जाऊ नये. आपल्याकडे तर वरच्याला शंका विचारणं हेच अवघड. आशाताईनं सिस्टरला, सिस्टरनं डॉक्टरला 'थांबा, मला हे बरोबर वाटत नाही' म्हणायचं, आणि ते अशा नोकरीत, जिथे अनेकांचा करार दरवर्षी नव्यानं होतो.

सर्वात घेण्यासारखी गोष्ट

ती कदाचित प्रशिक्षणात नाहीच. इराक-अफगाणिस्तान युद्धात अमेरिकी सैन्यानं दर आठवड्याला एक व्हिडिओ बैठक सुरू केली. आघाडीवरचा तंबू, मधलं रुग्णालय, जर्मनीतलं मोठं रुग्णालय आणि अमेरिकेतले डॉक्टर एकाच वेळी जोडले जात. एकेक जखमी घेऊन बोलायचं. पहिल्या डॉक्टरला कळायचं की आपण पाठवलेल्या माणसाचं पुढे काय झालं आणि आपल्याकडून काय राहिलं.

भारतात मातामृत्यूच्या चौकशीची पद्धत कागदावर आहे. वाटेत झालेले मृत्यूही तिच्यात येतात. पण ती मृत्यूनंतरची चौकशी आहे. वाचलेल्या, थोडक्यात निभावलेल्या रुग्णांबद्दल पाठवणारा आणि घेणारा डॉक्टर दर आठवड्याला बोलतील, अशी ती रचना नाही.

कासा, सिल्वासा, वलसाड आणि नाशिकच्या डॉक्टरांना अशा एका तासाच्या कॉलसाठी फोन आणि इंटरनेट पुरेल. अडचण वेगळी आहे. अमेरिकी सैन्याची सगळी रुग्णालयं एकाच हुकमाखाली होती. कासा आणि नाशिक महाराष्ट्रात, वलसाड गुजरातमध्ये आणि सिल्वासा केंद्रशासित प्रदेशात. तीन प्रशासनं, तीन सचिव, तीन प्रकारच्या रेफर चिठ्ठ्या. त्यामुळे या बैठकीत काय बोलायचं याआधी, तिचं निमंत्रण कोणाच्या सहीनं निघणार हे ठरवावं लागेल.