कॅन्सरनंतर स्तनाची पुनर्रचना : विमा कंपनी खर्च देते का?

कॅन्सरमुळे स्तन काढावा लागला, तर प्लास्टिक सर्जरीने तो पुन्हा तयार करता येतो. पण पॉलिसीत 'कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी'चा खर्च वगळलेला असतो. मग क्लेम मिळणारच नाही का?

तसं नाही. विमा नियामक 'आयआरडीएआय'ने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या कलमातच अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतरची पुनर्रचना या बंदीतून वगळली आहे.

खरी अडचण रकमेची. पाच लाखांचं कव्हर ऑपरेशन आणि केमोथेरपीतच संपलं, तर पुढे काय? पुनर्रचना त्याच ऑपरेशनमध्ये करायची की नंतर, हे रुग्ण आणि डॉक्टरांनी ठरवायचं असतं. प्रत्यक्षात उरलेलं कव्हर ते ठरवू लागतं.

अमेरिकेत १९९८ च्या कायद्यानुसार, स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या बहुतेक विमा योजनांना पुनर्रचनेचा खर्चही द्यावा लागतो. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून दुसऱ्या स्तनावर केलेली शस्त्रक्रियाही त्यात येते. आपल्या कलमात दुसऱ्या स्तनाचा उल्लेखच नाही.

म्हणून ऑपरेशनआधीच विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. डॉक्टरांच्या पत्रात 'कॅन्सरनंतरची पुनर्रचना' असं स्पष्ट लिहिलेलं असू द्या.