पेन्शनचा पैसा आणि सल्ला देणारा माणूस



भाताची झोडणी उरकली आणि वाल पेरून झाले, की आपल्या पेण-रोह्याकडे शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते. नेमक्या त्याच दिवसांत ओटीवर एक पाहुणा येऊन बसतो. हातात बॅग, बॅगेत छापील कोष्टके, तोंडात गोड भाषा. घरात पैसा आल्याचा सुगावा त्याला लागलेला असतो. कोणी धाटावच्या कारखान्यातून निवृत्त होऊन फंड आणि ग्रॅच्युइटी घेऊन आलेला असतो, कोणाला महामार्गात गेलेल्या जमिनीचा मोबदला मिळालेला असतो. पाहुणा म्हणतो, "काका, म्हातारपणाची पेन्शन बांधून देतो. तुम्ही फक्त सही करा."

अशा वेळी गावातील मंडळी मला विचारतात, "साहेब, माणूस ओळखीचा आहे, पैसे द्यावे का?" मी शेतीखात्याचा माणूस. पैसा अमुक ठिकाणीच गुंतवा, हे सांगणे माझे काम नव्हे. पण सल्ला देणाऱ्याची पारख कशी करावी, हे सांगता येईल. आणि पहिली गोष्ट हीच, की ओळख चहापाण्याला पुरते, पैशाच्या व्यवहाराला पुरत नाही.

हे आपल्या तालुक्याला कोणी शिकवायला नको. पेण अर्बन बँक आपलीच होती. खिडकीमागचे चेहरे ओळखीचे, संचालक ओळखीचे. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्या व्यवहारांवर निर्बंध घातले आणि सुमारे दोन लाख ठेवीदारांचा पैसा अडकला. खोट्या कर्जखात्यांतून शेकडो कोटी रुपये बाहेर गेल्याचे तपासात पुढे आले. त्यात निवृत्तांची पुंजी होती, भात विकून साठवलेले पैसे होते, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम होती. ठेवविम्याची मर्यादा त्या वेळी १ लाख रुपये होती. आज ती एका बँकेत एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज मिळून, ५ लाख रुपये आहे. पतसंस्थेतील ठेवीला मात्र हा विमा लागू नाही, हे अनेकांना आजही ठाऊक नसते.

आता आपल्या धंद्यातील उदाहरण घेऊ. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवरचा निळा टॅग आपण पाहतो. उगवणशक्ती वाचतो, मुदत वाचतो, पावती घेतो. पेरणीनंतरही टॅग, पिशवी आणि मूठभर बियाणे जपून ठेवतो. दुकानदार आपला भाचा असला तरी हे करतो, कारण उगवले नाही तर तक्रारीला पुरावा लागतो. दहा किलो बियाण्यासाठी एवढी दक्षता घेणारा शेतकरी आयुष्याची कमाई मात्र कोऱ्या फॉर्मवर सही करून देऊन टाकतो, हे कसे?

सल्लागाराचा टॅग म्हणजे त्याची नोंदणी. पैसे घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याची 'सेबी'कडे नोंदणी लागते. त्याचा क्रमांक 'आयएनए' या अक्षरांनी सुरू होतो. असा सल्लागार आपली फी उघड सांगतो आणि ती रोख घेत नाही, बँकेमार्फत घेतो. विमा एजंट आणि म्युच्युअल फंडाचा वितरक हे वेगळे. त्यांनाही परवाना असतो, पण त्यांचे पोट कंपनीच्या कमिशनवर चालते. त्यात पाप काही नाही. खताचा दुकानदारही नफ्यावरच जगतो. मात्र कोणते खत किती घालावे, हे आपण त्या एकट्याला विचारत नाही, माती तपासून घेतो. विम्याच्या बऱ्याच पॉलिसींत पहिल्या वर्षी कमिशन जास्त आणि पुढे कमी असते. म्हणून जुनी मोडून नवी घ्या, असा आग्रह कोणी धरला, तर त्यात लाभ कोणाचा, हे आधी पाहावे.

ओटीवर बसलेल्या पाहुण्याला पुढील पाच प्रश्न अवश्य विचारा.

१. तुमचा नोंदणी क्रमांक कोणता? तो कागदावर लिहून घ्या आणि घरातील शिकत्या मुलाकडून सेबीच्या संकेतस्थळावर ताडून पाहा. १८०० २२ ७५७५ या सेबीच्या क्रमांकावर फुकट चौकशी करता येते.

२. या व्यवहारात तुम्हाला पैसे कोण देतो, मी की कंपनी? आणि किती?

३. मला मध्येच पैसे लागले तर केव्हा मिळतील आणि त्यात कपात किती?

४. पेन्शन ठरलेली आहे, की बाजाराप्रमाणे कमी-जास्त होईल?

५. हे सगळे लिहून सहीनिशी द्याल का?

शेवटच्या प्रश्नाला जो कावराबावरा होतो, त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

दुसरा नियम याहून मोठा आहे. सल्ला एकाचा आणि पैसा दुसऱ्याच्या ताब्यात, अशीच मांडणी असावी. चेक नेहमी संस्थेच्या नावाने, सल्लागाराच्या नावाने कधीच नाही. रोख नाही, कोरी सही नाही, मोबाईलवर आलेला ओटीपी कोणाला सांगणे नाही. राष्ट्रीय पेन्शन योजना २००९ सालापासून सर्व नागरिकांना खुली आहे. तिच्यात प्रत्येकाला स्वतःचा कायम खाते क्रमांक मिळतो आणि पैसा न्यासाच्या देखरेखीखाली राहतो, मधल्या माणसाच्या खिशात जात नाही. अशी मांडणी जेथे नाही, तेथे व्याज कितीही मोठे सांगोत, पाऊल मागे घ्यावे. शेतजमीन देतो असे सांगून देशभरातून पैसा गोळा करणाऱ्या पर्ल्स कंपनीला तो परत करण्याचा आदेश सेबीने २०१४ मध्ये दिला. रक्कम ४९,००० कोटी रुपयांहून अधिक होती. तिचे एजंटही बहुतेक ठिकाणी गावातले, नात्यातलेच होते.

काही वाटांना तर सल्लागाराची गरजच नाही. वय १८ ते ४० आणि जमीन २ हेक्टरपर्यंत असेल, तर २०१९ ची किसान मानधन योजना आहे. वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच सरकार भरते आणि साठीनंतर महिना ३,००० रुपये मिळतात. साठी उलटलेल्यांना पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. मर्यादा ३० लाख रुपये, व्याज दर तिमाहीला, आणि पाठीशी केंद्र सरकार. या दोन्हींची माहिती पोस्टात किंवा सामायिक सेवा केंद्रात मिळते.

शेवटी माताभगिनींसाठी. घरधनी गेल्यावर पेन्शनचे कागद कोठे आहेत, वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, हे ठाऊक नसलेल्या बायका मी अनेक घरांत पाहिल्या आहेत. म्हणून सल्लागाराशी बोलणे चालू असताना घरच्या बाईने आत चुलीपाशी थांबू नये, ओटीवर येऊन बसावे आणि न समजलेले दोनदा विचारावे. सगळे कागद एका पिशवीत ठेवावेत आणि ती पिशवी दोघांनाही ठाऊक असावी.

आठ दिवस थांबल्याने पेन्शन बुडत नाही. "आजच सही करा, उद्या योजना बंद होईल" असे जो म्हणतो, त्याला "मग बंद होऊ द्या" असे खुशाल सांगावे.