सफरचंद आणि शेवंती

परसातील जागेला हल्ली सोन्याचा भाव आला आहे. पंचवटीत जे थोडे वाडे अद्याप आपले मागील अंगण राखून आहेत, त्यांपैकी एका घरच्या सूनबाईंनी आम्हांस एक पेच घातला आहे. ऊन लागेल अशी जागा एकच, दहा हात लांब व सहा हात रुंद. तेथे सासूबाईंचा शेवंतीचा वाफा आहे; मार्गशीर्षातील पूजेची फुले त्यातूनच निघतात. परंतु दोन वर्षांपासून वाफ्याची दाराकडील बाजू नुसतीच वाढते, फूल धरीत नाही. सबब वाफा म्हातारा झाला, तो मोडून तेथे सफरचंदाची दोन कलमे लावावी, असा धाकट्या दिरांचा आग्रह आहे. सासूबाई बोलत नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी वाफ्याकडे जाणेच सोडले आहे. कोणाचे ऐकावे?

आमच्या मते असा निवाडा माणसांकडे पाहून करू नये, झाडांकडे पाहून करावा. दोन्ही झाडे पाहुणीच आहेत. सफरचंदाचे माहेर मध्य आशियात, शेवंतीचे चीन देशाकडे. दोन्ही वर्षानुवर्षे टिकणारी. दोहोंसही भरपूर ऊन हवे, आणि दोहोंच्याही मुळांशी पाणी साचता उपयोगी नाही. आपल्याकडील काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते, म्हणून दोघांसाठीही जमीन उंच करून, तीत शेणखत व थोडी वाळू मिसळून घ्यावी लागते. येथवर साम्य आहे. यापुढे मात्र दोघांची भूक अगदी निराळी.

सफरचंदाची भूक थंडीची आहे. हिवाळ्यात ते पाने गाळून निजते, आणि पुरेशी थंडी अंगी मुरल्यावाचून त्याचे डोळे नीट उघडत नाहीत. काश्मीर व हिमाचलातील नामांकित जातींस सात अंश सेल्सिअसच्या खालची थंडी एका हिवाळ्यात सुमारे १००० तास वा त्याहूनही अधिक लागते. ती न मिळाली, तर काही फांद्या फुटतात, काही उघड्या राहतात आणि मोहर तुरळक येतो.

पंचवटीची थंडी काही लहान नव्हे. वाल्मीकींनी अरण्यकांडात हेमंताचे जे वर्णन लक्ष्मणाच्या मुखी घातले आहे, ते याच गोदातीरीचे. त्यातील तहानलेला हत्तीदेखील गार पाण्याला सोंड लावून ती मागे घेतो. तथापि कवीची थंडी निराळी आणि सफरचंदाची निराळी. पौषात नाशिकचे किमान तापमान सामान्यतः १० अंशांच्या आसपास असते. लाट आली की ते सातच्याही खाली जाते, पण तेवढे पहाटेचे काही तासच. दुपारी पुन्हा पारा २७-२८ अंशांवर. रात्री जमविलेली थंडी दिवसाचे ऊन बरीचशी खर्चून टाकते.

म्हणून दिरांची हौस अगदीच वेडगळ आहे, असे मात्र कोणी समजू नये. थोड्या थंडीत भागविणाऱ्या जाती आज उपलब्ध आहेत. इस्रायलमधील ‘अ‍ॅना’ ही त्यांपैकी एक. हिमाचलातील बिलासपूर जिल्ह्याचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी ‘एचआरएमएन ९९’ ही जात सखल, उष्ण भागात वाढविली. त्यांस २०२५ साली पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रातही कित्येकांनी ती लाविली आहे. जावा बेटावर तर थंडी मुळीच नसता सफरचंदाची पाने हातांनी ओरबाडून झाडास नवी फूट आणवितात. आपल्या नाशिकचा द्राक्षबागाईतदार तरी काय करतो? एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळाची छाटणी करून, थंड मुलखातील वेलीला तो येथे दरसाल फळ धरावयास लावितो. पण तो त्याचा धंदा आहे. त्यापायी त्याचे वर्ष खर्ची पडते.

शिवाय सफरचंदास सोबत लागते. बहुतेक जातींना फळ धरण्यास शेजारी दुसऱ्या जातीचे, त्याच वेळी फुलणारे झाड व मधमाश्यांची ये-जा असावी लागते. दोन झाडांत दहाबारा फुटांचे अंतर हवे. कलम असले तरी फळासाठी तीनचार वर्षे थांबणे आलेच.

आता शेवंती पाहा. तिला थंडीचे तास मोजावे लागत नाहीत. ती रात्र मोजते. पावसाळा सरून रात्री लांबल्या, म्हणजे ती कळी धरते. १९२० साली गार्नर व अ‍ॅलार्ड या दोघा अमेरिकी शास्त्रज्ञांनी दिवसमान व फुलणे यांचा हा संबंध तंबाखू व सोयाबीन यांवर प्रयोग करून प्रसिद्ध केला. शेवंती त्याच कुळाचाराची निघाली. रात्रीच्या मध्यात थोडा वेळ जरी उजेड पडला, तरी तिची रात्र मोडते आणि ती पानेच वाढवीत राहते. फूलबागाईतदार याच युक्तीने तिचा बहर मागेपुढे करतात.

सूनबाईंच्या पत्रात एक ओळ जाता जाता आली आहे, तीच आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटली. दोन वर्षांपूर्वी मागील दाराशी रात्रभर जळणारा प्रखर दिवा बसविला आहे. वाफ्याची न फुलणारी बाजू दाराकडीलच! तेव्हा वाफ्यास म्हातारपण आले नसून, त्याच्या त्या बाजूस रात्रच उरलेली नाही, असा आमचा बळकट तर्क आहे.

सबब आमचा सल्ला असा. वाफा मोडू नये. भाद्रपदापासून कळ्या चांगल्या धरेपर्यंत रात्री दिवा मालवावा, किंवा त्यास आडोसा करून उजेड पायरीपुरता ठेवावा. बहर सरल्यावर झाडे जमिनीलगत चार बोटे ठेवून छाटावी. बुंध्याभोवती ज्या नव्या काश्या फुटतात, त्या वेगळ्या करून पावसाळ्यापूर्वी ताज्या मातीत लावाव्या आणि मधले जून खोड काढून टाकावे. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा. श्रावणानंतर मात्र खुडू नये. ही सारी कामे सासूबाईंस आमच्याहून अधिक ठाऊक असतील. फक्त दिव्याची गोष्ट त्यांना सांगावी, आणि ती धाकट्या चिरंजीवांनीच सांगावी.

चिरंजीवांच्या हौसेलाही जागा हवीच. गावाकडे शेत असेल, तर बांधाजवळ निचऱ्याच्या जागी थोड्या थंडीच्या दोन निरनिराळ्या जातींची कलमे त्यांनी लावावी. कलमाचा सांधा मातीच्या वर राहील हे पाहावे, आणि पहिली दोन वर्षे आलेली फळे खुडून टाकावी, म्हणजे झाड अंग धरील.