क्षयाच्या जंतूची भिंत आणि सहा महिन्यांच्या गोळ्या

हिंगणघाटहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे घरधनी जिनिंगमध्ये कामाला आहेत. त्यांना क्षय निघाला आणि सरकारी दवाखान्यातून मोफत गोळ्या सुरू झाल्या. ताई लिहितात, “दोन महिन्यांत यांचा ताप गेला, खोकला थांबला, वजन वाढले. आता म्हणतात, बरा झालो, गोळ्यांनी मळमळते, बंद करतो. बंद केल्या तर चालेल काय?”

ताई, चालणार नाही. पण नुसते दटावण्यापेक्षा कारण समजावून सांगावे, असे आम्हाला वाटते.

क्षयाचा जंतू १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी शोधून दाखविला. या जंतूभोवती एक भिंत असते, तिला पेशीभित्तिका म्हणतात. भिंत पुष्कळ जीवाणूंना असते, पण याच्या भिंतीवर मेणासारखा जाड थर असतो. मेणकापडावरून पाणी ओघळावे, तशी कित्येक औषधे त्यावरून माघारी जातात. थुंकीच्या तपासणीत जंतूला लाल रंग देतात आणि मग आम्लाने धुतात. बाकीचे जंतू रंग सोडतात, क्षयाचा सोडत नाही. तोही या भिंतीचाच गुण.

मेणाचा हा थर मायकोलिक आम्लाचा असतो. त्याची लांबलचक साखळी जंतू फेरीफेरीने वाढवितो. प्रत्येक फेरीत दोन कार्बन अणूंची भर पडते आणि फेरीचे शेवटचे काम ‘इन्हा’ नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, करते. मिस्त्रीने एक थर पक्का केल्याशिवाय पुढचा थर चढत नाही, तसेच हे.

इन्हा हे प्रथिन आहे. २६९ अमिनो आम्लांचा एक भाग, असे चार सारखे भाग एकत्र जुळलेले. प्रत्येक भागात एक खोबण असते. त्या खोबणीत एक मदतनीस रेणू बसतो, शेजारी साखळी येते आणि काम होते.

आपल्या गोळ्यांतले आयसोनियाझिड हे औषध नेमके येथे घाव घालते. जंतूच्या आत गेल्यावर जंतूचेच दुसरे एक विकर त्याला जागे करते. मग ते मदतनीस रेणूला चिकटून खोबण बुजवून टाकते. मेण तयार होत नाही, भिंत खचते, जंतू मरतो. गंमत अशी की हे औषध क्षयावर चालते हे १९५२ साली कळले, पण ते इन्हावर घाव घालते हे १९९४ साली आणि इन्हाची घडण १९९५ साली उलगडली. गोळ्यांतले इथॅम्ब्युटॉलही भिंत बांधणाऱ्या दुसऱ्या एका विकराला अडविते.

आता मुख्य मुद्दा. भिंतीचे बांधकाम चालू असेल तेव्हाच हा घाव बसतो. वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात, म्हणून ताप-खोकला जातो. पण काही जंतू स्वस्थ पडून असतात. त्यांचे बांधकाम बंद, म्हणून घाव बसत नाही. ते हळूहळू जागे होतात. त्यांच्यासाठी रिफाम्पिसिनसारखी इतर औषधे सोबत लागतात. म्हणून पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन.

मध्येच सोडले तर उरलेले जंतू पुन्हा वाढतात. त्यांत एखाद्याचे औषध जागे करणारे विकर बिघडलेले असते किंवा तो इन्हा जास्त तयार करतो. गोळ्या अर्धवट घेतल्या की असेच जंतू टिकतात. मग ही गोळी चालत नाही आणि तोच जंतू खोकल्यातून घरच्या लेकरांपर्यंत जातो.

ताई, मळमळ डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय आहे. डोळे पिवळे दिसले किंवा हातापायांना मुंग्या आल्या तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. दारू पूर्ण बंद. घरातल्या सर्वांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणी करून घ्या. जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत ती मोफत होते. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात मिळतात, नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. नोंद झाली आहे ना, हे विचारून घ्या.

आणि घरधन्यांना आमचा निरोप सांगा : तुमचा ताप गेला, पण जंतूची भिंत अजून पडायची आहे. राहिलेले चार महिने पुरे करा.