सरासरीत हरवलेला वॉर्ड

मुंबई हे बेट आहे, हे रोजच्या धावपळीत आपल्या लक्षातही राहत नाही. दक्षिणेला जुनं शहर, उत्तरेला साष्टी आणि पूर्वेच्या खाडीकाठी ट्रॉम्बे, जे कधीकाळी वेगळं बेट होतं. भराव पडत गेले आणि सगळं एक झालं. महापालिका एक, आयुक्त एक, पाणीही त्याच सात तलावांचं. तरीही कुलाब्यात जी पालिका दिसते, ती गोवंडीत दिसत नाही.

गोवंडी, मानखुर्द, देवनार, शिवाजीनगर, बैंगनवाडी, चीता कॅम्प. हा सगळा एम पूर्व वॉर्ड. २०११च्या जनगणनेत इथे आठ लाखांहून जास्त माणसं होती, तर कुलाबा-फोर्टच्या ए वॉर्डात एक लाख पंच्याऐंशी हजार. पालिकेच्या २००९च्या मानवी विकास अहवालात एम पूर्वचा क्रमांक चोवीस वॉर्डांत अगदी शेवटचा होता. म्हणजे हे कुणा कार्यकर्त्याचं रडगाणं नाही, पालिकेच्याच कागदावरचं आहे.

याच वॉर्डाबद्दल एक आकडा सतत फिरतो: ‘इथलं आयुष्य फक्त ३९ वर्षांचं.’ दिवसभर आकड्यांशी खेळणं हा माझा पेशा, म्हणून इथे थोडं थांबतो. ३९ हे मृत्यूसमयीचं सरासरी वय आहे, आयुर्मान नव्हे. जिथे लहान मुलं आणि तरुण जास्त, तिथे ते आपोआप कमी येतं. मात्र लहान वयातले मृत्यूही ते खाली खेचतात, हेही खरं. आकडा चुकीच्या नावाने फेकला की समोरचा अधिकारी तेवढीच चूक पकडतो आणि सगळा प्रश्न बाजूला सारतो. आपल्या मोर्च्यांत, पोस्टरांवर हे वारंवार होतं. ते थांबायला हवं.

हा वॉर्ड असा आपोआप झाला नाही. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७पासूनचं. कत्तलखाना १९७१ला आला. शिवाजीनगर-बैंगनवाडीला आज सरसकट झोपडपट्टी म्हणतात, पण १९७०च्या दशकात ती पालिकेनेच आखून दिलेली पुनर्वसन वसाहत होती. काटकोनातले रस्ते आजही साक्षीला आहेत. १९७६ला, आणीबाणीत, अणुसंशोधन केंद्राशेजारची जनता कॉलनी पाडून हजारो कुटुंबं चीता कॅम्पला हलवली. पुढे रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत उठवलेले लोक लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंडच्या इमारतींत आले. तिथे दोन इमारतींमधलं अंतर काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर. २०१८मध्ये समोर आलेल्या पाहणीत या दोन वसाहतींत साधारण दर दहा घरांमागे एका घरात टीबीचा रुग्ण निघाला. जवळच्याच, पण मोकळ्या बांधलेल्या पीएमजी कॉलनीत हेच प्रमाण शंभरात एक. वस्तीचा थर तोच, वॉर्ड तोच, फरक फक्त उजेड आणि हवेचा. तो नकाशा कुणीतरी मंजूर केला होता.

शहराला जे दारात नको, ते इथे येतं. जानेवारी २०१६मध्ये डम्पिंग पेटलं आणि धूर दूरवर गेला, तेव्हा कुठे सगळ्या मुंबईला देवनार आठवलं. आता धारावीच्या पुनर्विकासात ‘अपात्र’ ठरणाऱ्यांना त्याच डम्पिंगच्या जमिनीवर घरं देण्याचं ठरतं आहे.

पाण्याचं घ्या. २०१४च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की घर बेकायदा असलं तरी माणसाचा पाण्याचा हक्क जात नाही. ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण यायला मे २०२२ उजाडला. मधल्या साडेसात वर्षांत टँकरवाल्यांना कुणी पैसे मोजले, ते रफीनगरच्या बायकांना विचारा. २०२२च्या अखेरीस गोवरची साथ उसळली तीही गोवंडीतच. वॉर्डात शताब्दी रुग्णालय आहे, पण पालिकेच्या मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं परळ, मुंबई सेंट्रल, सायन आणि जुहूला.

पैसा नाही म्हणावं, तर पालिकेचं २०२५-२६चं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर आहे. मरीन ड्राइव्ह ते वरळी या साडेदहा किलोमीटरच्या कोस्टल रोडवर तेरा हजार कोटींहून जास्त खर्च झाले. मार्च २०२२ला नगरसेवकांची मुदत संपल्यावर जवळपास चार वर्षं प्रशासक होता. त्या काळात आमदारांच्या शिफारशीने निधी वाटला गेला. जानेवारी २०२४मध्ये इंडियन एक्स्प्रेसने दाखवून दिलं की सत्ताधारी आघाडीच्या २१ आमदारांच्या मतदारसंघांना सुमारे ५०० कोटी मिळाले, आणि निधी मागणाऱ्या विरोधी आमदारांच्या हाती काहीच लागलं नाही. गटार तुंबतं ते मतदाराच्या दारात, आमदार कुठल्या बाजूचा हे पाणी बघत नाही.

‘आपण मुसलमान म्हणून हे होतं,’ असं आपले दोस्त म्हणतात. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. भाड्याने घर मागताना नाव सांगितल्यावर काय होतं, हे आपल्याला ठाऊक आहे, आणि त्यातूनच अशा वस्त्या दाट होतात. पण मानखुर्दच्या साठेनगरातला दलित, चीता कॅम्पमधला तमिळ, युपीहून आलेला भैया, सगळे त्याच रांगेत हंडा घेऊन उभे असतात. हा प्रश्न फक्त आपला करून मांडला, तर ही माणसं आपल्या शेजारी उभी राहणार नाहीत, आणि पालिकेलाही तेच सोयीचं आहे. ‘लोकच घाण करतात’ या युक्तिवादावर मात्र शब्द वाया घालवावेत असं वाटत नाही. साऱ्या शहराचा कचरा ज्यांच्या दारात टाकला, त्यांना कोणी स्वच्छता शिकवू नये.

मग मागायचं काय? माझ्या मते मागणी कोरडी आणि मोजता येणारी हवी. अंदाजपत्रक मुख्यतः खात्यांप्रमाणे मांडलेलं असतं: रस्ते, पाणी, आरोग्य. कोणत्या वॉर्डात दर माणशी किती खर्च झाला, हे साध्या नागरिकाला एका पानावर दिसत नाही, आणि शहराची सरासरी काढली की एम पूर्व त्यात गुडूप होतो. ते पान आपण माहितीच्या अधिकारात मागू शकतो. पाच वर्षांचं, वॉर्डनिहाय, दरडोई: पाणी किती लिटर, दवाखाने किती, मंजूर रक्कम किती आणि प्रत्यक्ष खर्च किती.

जानेवारी २०२६च्या निवडणुकीनंतर नगरसेवक पुन्हा आले आहेत. गल्लीत सत्काराचे फ्लेक्स लागलेत, तिथेच त्यांना हे पान विचारा. ते देत नसतील तर प्रभाग समितीच्या सभेत विचारा. सोबत साठेनगरचे दोघे-तिघे घेऊन जा.